परदेशी बिझनेस जेट उड्डाण: ऑप्सच्या टेबलावर होणाऱ्या चुका आणि कामाचा क्रम

खासगी जेट परदेशी जाताना अडकतं तेव्हा कारणं ठरलेलीच निघतात. परमिटवर तारीख चुकलेली असते. विमान पोचेपर्यंत विमानतळ बंद होणार असतो. एखाद्या प्रवाशाचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. नाहीतर साहेबांनी वेळ बदललेली असते आणि ती तिकडच्या हँडलरला (विमानतळावर विमानाची जमिनीवरची कामं बघणाऱ्या कंपनीला) कुणी कळवलेलीच नसते. यात पायलटचा काही दोष नसतो. हे सगळं निघायच्या दोन-चार दिवस आधी ऑप्सच्या (ऑपरेशन्स, म्हणजे उड्डाणाची जमिनीवरची तयारी करणाऱ्यांच्या) टेबलावर घडलेलं असतं.

छोट्या ऑपरेटरकडे डिस्पॅच, परमिट, हँडलिंग आणि केटरिंग सगळं एका-दोघांवर असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ: जुलैतला एक शनिवार, व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणीचं लांब पल्ल्याचं जेट, मुंबई ते लंडनजवळचं फार्नबरो, आठ प्रवासी, उड्डाण सुमारे दहा तासांचं, निघायची वेळ सकाळी ११.

## टप्पा १: उड्डाण खासगी की भाड्याचं, ते आधी ठरवा

पुढची अर्धी कामं या उत्तरावर अवलंबून असतात. कंपनीचं विमान, कंपनीची माणसं आणि कुणाकडूनही पैसे नाहीत, तर उड्डाण खासगी. पैसे घेऊन नेत असाल तर ते भाड्याचं, आणि त्यासाठी डीजीसीएचं (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट हवंच. भाड्याने ब्रिटनला जायचं तर तिथल्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीची परवानगी लागते, युरोपीय संघात उतरायचं तर ईएएसएची (तिथल्या विमान सुरक्षा संस्थेची) थर्ड कंट्री ऑपरेटर मान्यता. खासगी उड्डाणाला या दोन्ही लागत नाहीत.

घोळ मधल्या प्रकारात होतो. ‘मित्र येतोय, इंधनाचे पैसे तो देणार आहे’ हे वाक्य कानावर आलं की तिथेच थांबा. खासगी नोंदणीच्या विमानात पैसे देणारा प्रवासी बसला की उड्डाणाचा प्रकार बदलतो आणि विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. तसंच, भाड्याने पॅरिसला गेलेलं व्हीटी विमान तिथे नवे प्रवासी घेऊन नीसला सोडू शकत नाही. परक्या देशातली अंतर्गत वाहतूक बहुतेक ठिकाणी बंद असते.

तपासा: परमिटच्या अर्जात ‘खासगी’ लिहिलं आहे आणि फ्लाइट प्लॅनच्या आठव्या रकान्यात ‘जी’ऐवजी ‘एन’ पडलंय, असं नाही ना? ‘जी’ म्हणजे जनरल एव्हिएशन (खासगी उड्डाण), ‘एन’ म्हणजे नॉन-शेड्यूल्ड (वेळापत्रकाबाहेरचं, भाड्याचं). जुना प्लॅन उघडून त्यावरच नवा बनवला की हे हमखास होतं.

## टप्पा २: एकच पत्रक, आणि प्रत्येक वेळ यूटीसीत

एका उड्डाणाचं एकच पत्रक ठेवा. विमानाची नोंदणी, कॉलसाइन, वजन, क्रू, प्रवासी, वेळा, परमिट क्रमांक, हँडलरचे फोन सगळं त्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली गोष्ट पत्रकात आली नाही तोवर ती ठरलेली नाही.

वेळ लिहिताना यूटीसी (जगभर विमान वाहतुकीत वापरतात ती एकच प्रमाणवेळ) आणि स्थानिक असे दोन रकाने करा आणि दोन्हींत तारीख लिहा. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत मुंबईहून निघणाऱ्या प्रत्येक विमानाची यूटीसी तारीख आदल्या दिवसाची असते. त्यात आपल्या बोलण्याची भर: ‘१४ तारखेच्या रात्री अडीचला निघू’ असं साहेब म्हणतात तेव्हा त्यांना कॅलेंडरवरची १५ तारीख अभिप्रेत असते. यूटीसीत ती पुन्हा १४ तारीख होते, वेळ २१००. ऐकणारा हुशारी करून ‘१५ तारीख, २१००’ लिहितो आणि परमिट एका दिवसाने चुकतं. म्हणून फोनवरच विचारून घ्या: ‘१४ आणि १५ च्या मधली रात्र ना?’

तपासा: मेलमधली ओळ अशी दिसायला हवी: १४ जुलै २१०० यूटीसी, म्हणजे १५ जुलै ०२३० भारतीय वेळ. दोन्हींपैकी एकच लिहिलं असेल तर मेल पाठवू नका.

## टप्पा ३: परमिटच्या आधी विमानतळ

बरेच जण उलट करतात. ओव्हरफ्लाइटच्या (वाटेतल्या देशांवरून उडण्याच्या) परमिटांना दिवस लागतात म्हणून आधी तेच अर्ज टाकतात. मग उतरायच्या ठिकाणी स्लॉट (विमानतळाने नेमून दिलेली वेळ) वेगळाच मिळतो आणि सगळी परमिटं बदलावी लागतात. पहिली खात्री दोन्ही टोकांच्या विमानतळांची करा.

फार्नबरो आठवड्याच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री १० आणि शनिवार-रविवारी सकाळी ८ ते रात्री ८ उघडं असतं. आगाऊ परवानगी लागते. आपलं विमान ११ वाजता निघालं तर यूटीसी ०५३०. दहा तासांनी १५३० यूटीसी. जुलैत ब्रिटनची घड्याळं यूटीसीच्या एक तास पुढे असतात, म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. भरपूर वेळ आहे.

सावधान: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार पत्रकाच्या वर लिहून ठेवा. त्या दिवशी ब्रिटन आणि युरोपची घड्याळं बदलतात, आपली बदलत नाहीत. लंडनशी फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. याचा फटका कसा बसतो ते टप्पा ९ मध्ये येईल.

मुंबईची बाजू कमी कटकटीची नाही. गर्दीच्या तासांत जनरल एव्हिएशनच्या विमानांवर बंधनं असतात, पार्किंग तुटपुंजं असतं, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या डागडुजीसाठी बंद ठेवतात. ९ मे २०२४ आणि १७ ऑक्टोबर २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ काहीही उडालं नाही. तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर होते, तरी त्या दिवसाचा कार्यक्रम घेऊन बसलेले लोक सापडतातच.

पुणे आणि दाबोळीची गोष्ट निराळी. लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं. विमान परदेशी नोंदणीचं असेल तर लष्करी मंजुरीसाठी जादा दिवस धरा. गोव्यात जायचं असेल तर मोपाची आधी चौकशी करा, ते नागरी विमानतळ आहे. आणि बारामती किंवा लातूरहून थेट दुबई गाठता येत नाही. देश सोडताना आणि परत येताना कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावर थांबावंच लागतं. गावाकडच्या कार्यक्रमाला आलेल्या साहेबांना हे निघायच्या दिवशी कळू देऊ नका.

अल्टरनेट (ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ) निवडताना धावपट्टी आणि हवामान पायलट बघतो. तिथे रात्री इमिग्रेशन असतं का आणि हँडलर फोन उचलतो का, हे ऑप्सने बघायचं.

## टप्पा ४: मार्ग आणि परमिटं

नकाशावरची सरळ रेषा विसरा. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि मग नोटामने (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेने) मुदत वाढत गेली. ती बंदी नुसत्या व्हीटी नोंदणीपुरती नाही. भारतीय ऑपरेटरच्या मालकीची किंवा भाडेपट्ट्याने घेतलेली विमानंही त्यात येतात. ‘आपलं विमान परदेशी नोंदणीचं आहे, चालेल’ असं गृहीत धरणं महागात पडेल.

मग उरतो अरबी समुद्रावरून ओमानकडचा मार्ग. तिथून इराण-तुर्कस्तान किंवा सौदी-इजिप्त-ग्रीस. दुसरा लांब पडतो, पण मी आधी त्याचीच परमिटं मागवतो. १३ जून २०२५ ला इराण, इराक आणि जॉर्डनचं आकाश एकाच दिवशी बंद झालं होतं, २३ जूनच्या संध्याकाळी कतारचंही. त्या दिवसांत ज्यांच्या हातात दुसऱ्या मार्गाची परमिटं तयार होती तेच वेळेवर निघाले.

अर्ज टाकताना नडणाऱ्या गोष्टी:

- सुट्ट्या. ‘तीन कामाचे दिवस’ म्हणजे त्यांच्या कामाचे. सौदी, ओमान आणि इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. यूएईने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार केली, शुक्रवारी अर्धा दिवस. आपलं उड्डाण शनिवारचं आहे, म्हणजे गुरुवारी दुपारनंतर सौदीकडून काही हलेल ही आशा सोडा.
- मुदत. परमिट मंजूर वेळेनंतर किती तास चालतं हे देशागणिक वेगळं असतं. प्रत्येकाची मुदत पत्रकात लिहा.
- प्रवेशबिंदू. परमिटमध्ये हद्दीत शिरायचा आणि बाहेर पडायचा बिंदू असतो. पायलटने वाऱ्यासाठी मार्ग बदलला आणि बिंदू बदलला, तर परमिटही बदलून घ्यावं लागतं.
- राखीव विमान. मूळ विमान बिघडलं तर दुसरं जाणार असेल, तर दोन्ही नोंदण्या अर्जात आधीच घाला.

सावधान: इराक-इराण हद्दीजवळ, पर्शियन आखातात आणि काळ्या समुद्राच्या बाजूला जीपीएसचे खोटे संकेत येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपातून दुबईला निघालेलं एक बिझनेस जेट असंच भरकटून विनापरवाना इराणच्या हद्दीत शिरण्याच्या बेतात होतं. क्रूला ब्रीफिंगमध्ये हा पट्टा नकाशावर दाखवा.

## टप्पा ५: माणसं, पासपोर्ट आणि सामान

प्रवाशांची यादी सेक्रेटरीने टाइप केलेली घेऊ नका. पासपोर्टच्या पानाचा स्वच्छ फोटो मागवा आणि तळाच्या दोन यंत्रवाचनीय ओळींवरून नाव उतरवा. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं. पासपोर्टवर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. लग्नानंतर व्हिसा नव्या नावाने आणि पासपोर्ट जुन्या, असंही निघतं. पासपोर्टवर एकच नाव असेल आणि दुबईला जायचं असेल तर लगेच सांगा. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई अशा पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येऊ देत नाही.

ब्रिटनसाठी जनरल एव्हिएशन रिपोर्ट निघायच्या किमान दोन तास आधी ऑनलाइन भरावा लागतो. अमेरिकेसाठी प्रवासी यादी किमान ६० मिनिटं आधी. ही शेवटची मर्यादा आहे. यादी आदल्या संध्याकाळी भरा आणि सकाळी बदल झाला तर पुन्हा पाठवा.

व्हिसाबाबत फसवणारी जागा अमेरिकेची आहे. ब्रिटिश पासपोर्टवाला एखादा देशपांडे एअरलाइनने नुसत्या ऑनलाइन मंजुरीवर अमेरिकेत जातो, त्यामुळे जेटनेही जाऊ असं त्याला वाटतं. ती सवलत अमेरिकी सरकारशी करार केलेल्या वाहकांनी येणाऱ्यांनाच आहे. खासगी जेटने जायचं तर पूर्ण व्हिसा लागतो. याच देशपांडेंना मुंबईत परत येताना ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागेल, तेही आत्ताच विचारा.

क्रूचं वेगळं. विमान चालवत उतरणाऱ्या क्रूला काही देशांत सवलत असते. पण दुसरा क्रू एअरलाइनने आधी पाठवत असाल तर तो प्रवासीच. त्याला साधा व्हिसा हवा.

केनिया किंवा पीतज्वराचा धोका असलेल्या दुसऱ्या देशात जाणार असाल तर लस निघायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच वैध होतं. ते नसेल तर परतल्यावर मुंबईत सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. क्रूलाही हाच नियम.

आता सामान. दिवाळीत दुबईला जाणाऱ्या विमानात फराळाचे डबे असतातच. डब्यात अनारसे असतील तर झाकण उघडून बघा: त्यांना लावलेली खसखस यूएईत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. केटररच्या गोडात आणि मसाल्यात ती आहे का तेही विचारा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्यांवरही तिथे कडक नियंत्रण आहे. उलट दिशेला परदेशी क्रू किंवा पाहुणे भारतात येताना खिशातला सॅटेलाइट फोन घेऊन येतात. थुराया किंवा इरिडियमचा हातातला फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर अटका झालेल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येक उड्डाणाच्या हँडलिंग मेलमध्ये ही एक ओळ कायमची घालून ठेवा.

## टप्पा ६: विमानातले कागद

हे पटकन होणारं काम आहे. शिकागो करारातल्या २९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी आणि एअरवर्दीनेस प्रमाणपत्र, क्रूची लायसन्स, जर्नी लॉग बुक, रेडिओ लायसन्स, प्रवाशांची यादी, आणि माल असेल तर त्याचं मॅनिफेस्ट विमानात हवं. त्यात विम्याचं आणि आवाजाचं प्रमाणपत्र जोडा. विम्याच्या कागदावर जाणार त्या देशांना वगळलेलं नाही ना, हे ओळीने वाचा.

युरोपात रॅम्प तपासणी (विमानतळावर उभ्या विमानाची अचानक तपासणी) झाली तर अडकवतात त्या बारीक गोष्टी: लायसन्सवर इंग्रजी प्रावीण्याची नोंद, केबिनमध्ये मोकळी पडलेली बॅग, आणि मेडिकलवर चष्म्याची अट असलेल्या पायलटकडे दुसरा चष्मा नसणं.

## टप्पा ७: इंधन

‘आठ हजार टाका’ असा निरोप देऊ नका. आठ हजार काय? आठ हजार लिटर म्हणजे सुमारे ६,४०० किलो, आठ हजार अमेरिकन गॅलन म्हणजे ३०,००० लिटरच्या वर. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलोच्या जागी पौंडांचा हिशेब झाला आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. आकड्यापुढे एकक लिहायचंच.

इंधनाचा रिलीज (इंधन भरायची मंजुरी) पुरवठादाराकडे आणि हँडलरकडे, दोघांकडे पोचल्याची खात्री करा. त्यावर नोंदणी आणि तारीख असते. विमान बदललं की रिलीजही नवा.

## टप्पा ८: फ्लाइट प्लॅन

प्लॅन सगळ्यात शेवटी, कारण त्यात आधीच्या प्रत्येक टप्प्याचा अर्क येतो. १८ व्या रकान्यात उड्डाणाची तारीख यूटीसीत आहे का, परमिट क्रमांक आहेत का, दहाव्या रकान्यातली उपकरणं या विमानाचीच आहेत का. दहाव्यात ‘आर’ टाकलं असेल तर अठराव्यात पीबीएनचे (विमानाच्या अचूक नेव्हिगेशनच्या क्षमतेचे) कोड हवेतच, नाहीतर युरोकंट्रोलची (युरोपभरच्या हवाई वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या संस्थेची) यंत्रणा प्लॅन फेटाळते.

मुंबईहून फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी क्रमांक आणि एअर डिफेन्सचा एडीसी क्रमांक घेतल्याशिवाय विमान हलत नाही. दोन्ही पत्रकात लिहा आणि क्रूकडून वाचून दाखवून घ्या.

तपासा: युरोकंट्रोलकडून स्वीकारल्याचा संदेश आला का? प्लॅन पाठवला म्हणजे झालं, असं नाही. उत्तर येईपर्यंत काम अपुरं.

## टप्पा ९: वेळ बदलली तर

शनिवारी सकाळी सव्वानऊला फोन येतो: ‘चार तास उशिरा निघू, तीन वाजता.’ यानंतरच्या वीस मिनिटांत जेवढ्या चुका होतात तेवढ्या आधीच्या चार दिवसांत होत नाहीत. केटरर आणि ड्रायव्हर आधी फोन करतात म्हणून त्यांनाच आधी उत्तर दिलं जातं. क्रम असा ठेवा:

१. हिशेब. दुपारी ३ म्हणजे ०९३० यूटीसी. पोच १९३० यूटीसी. घाईत साडेपाचचा फरक धरला तर लंडनचे साडेसात वाटतात, ‘अर्धा तास हातात आहे’. जुलै आहे. तिथे साडेआठ वाजलेले असतील आणि फार्नबरो आठला बंद.

२. साहेबांना पर्याय, लगेच. ‘दोनच्या आत निघालो तर फार्नबरो, नाहीतर ल्यूटन.’ दोनला निघालं तर पोच साडेसातला, म्हणजे समोरच्या वाऱ्यासाठी जेमतेम अर्धा तास. ल्यूटन चोवीस तास चालतं, पण तिथेही स्लॉट लागतो. उत्तर ‘बघू, तीन-चारच्या सुमारास’ असं आलं तर ती वेळ कुणालाही कळवू नका. नक्की वेळ मिळेपर्यंत जुनीच चालू.

३. क्रू. ड्यूटीवर रुजू झाले का? झाले असतील तर त्यांच्या ड्यूटीच्या मर्यादेची घड्याळं सुरू झाली आणि दहा तासांचं उड्डाण त्यात बसेल का, हे कॅप्टनला विचारा. रुजू व्हायचे असतील तर आधी त्यांना थांबवा.

४. उतरायचं ठिकाण. स्लॉट, परवानगी, हँडलर. लेखी होकार.

५. मुंबई. नवा स्लॉट, पार्किंगची वाढ, टर्मिनलवरचे कस्टम्स आणि इमिग्रेशन.

६. परमिटं. प्रत्येकाची मुदत पत्रकात लिहिलेलीच आहे. बाहेर गेलेली बदलून घ्या. आज सौदीत सुट्टी आहे, म्हणून तातडीचा फोन क्रमांक आधीच मिळवलेला हवा.

७. प्लॅन. उशीर कळवा, किंवा जुना रद्द करून नवा टाका. जुना रद्द न करता नवा टाकला तर यंत्रणेत एकाच विमानाचे दोन प्लॅन राहतात आणि टॉवरला प्लॅन का दिसत नाही त्याचा उलगडा व्हायला अर्धा तास जातो. एडीसीची मुदत पुन्हा तपासा.

८. ब्रिटनचा रिपोर्ट नव्या वेळेने आणि नव्या विमानतळाने पुन्हा.

९. मग गाड्या, हॉटेल, केटरिंग.

## टप्पा १०: परतीचा प्रवास

जाण्याची तयारी चार दिवस होते, परतीची विमान तिकडे उतरल्यावर सुरू होते. तसं नको. परतीची परमिटं जातानाच मागा, मुंबईचं पार्किंग जातानाच धरा, नाहीतर प्रवाशांना उतरवून विमान अहमदाबादला न्यावं लागतं.

युरोपातून निघताना एक नवी गोष्ट येते. गर्दी असेल तर युरोकंट्रोल टेकऑफची नेमकी वेळ देतं, पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर एवढीच सूट. निघण्याची वेळ पंधरा मिनिटांहून जास्त हलली तर उशिराचा संदेश लगेच पाठवावा लागतो. साहेब बाँड स्ट्रीटवर अडकले असतील, तर तो संदेश गाडी निघाल्याची खात्री झाल्यावर पाठवा. ‘पाच मिनिटांत निघतोय’ या निरोपावर मुळीच नको.